बाळ सिव्हिलला पाठवताना

‘बाळाला काचेत ठेवलंय’ हे वाक्य खान्देशात घरोघरी ऐकू येतं. काचेपर्यंत ते बाळ कसं पोचलं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मी आधी आठ वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी एका उपकेंद्रात होते, तिथून बाळं पाठवायचे. आता एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात आहे, इथे बाळं घेते. दोन्हीकडे काम केल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. बाळ गाडीत बसलं की उपकेंद्राला वाटतं आपलं काम संपलं, आणि एसएनसीयूला वाटतं बाळ दारात येईल तेव्हा आपलं सुरू होईल. मधले दोन-तीन तास कुणाचेच नसतात, आणि बाळ बिघडतं ते नेमकं त्याच तासांत. नव्याने रुजू झालेल्या सिस्टर, सीएचओ (उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी) आणि आशाताईंसाठी हे लिहितेय, ते मुख्यतः त्या मधल्या तासांबद्दल.

आधी आईकडे बघा

सगळ्यात चांगली काचेची पेटी म्हणजे आईचं पोट. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, तर बाळ जन्मल्यावर गाडी शोधण्यापेक्षा आईलाच वेळेत वर पाठवा. २४ ते ३४ आठवड्यांमध्ये अशा आईला डेक्सामेथासोनचं ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन द्यायचं असतं. दर १२ तासांनी एक, असे एकूण ४ डोस. पाठवण्याआधीचा पहिला डोस एएनएमनेही (उपकेंद्राच्या नर्सनेही) द्यावा, अशी सरकारी सूचना आहे. बाळाची फुप्फुसं त्याने लवकर तयार होतात. डोस दिल्याची वेळ आईच्या कार्डावर लिहा, नाहीतर पुढचा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

बाळंतपण अगदी टेकलं असेल तर मात्र गाडीत घालू नका. घाटात, हलत्या गाडीत बाळंतपण करण्यापेक्षा आपल्या टेबलावर केलेलं बरं. तेवढ्यात गाडी बोलावून ठेवा.

कोणतं बाळ पाठवायचं

मोठं माणूस आजारी पडलं की कण्हतं, तापतं. नवजात बाळ गप्प होतं. आजी कौतुकाने सांगते, “पोर फार गुणी, रडतच नाही.” हे ऐकलं की बाळाला उघडं करून नीट बघा.

दूध ओढेनासं झालेलं बाळ, ही माझ्या लेखी पहिली खूण. काल नीट पीत होतं आणि आज तोंड उघडत नाही, एवढंही पुरे. मग झटके येणं. श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त. छाती खोल आत ओढली जाणं, कण्हल्यासारखा आवाज. काखेतलं तापमान ३५.५ च्या खाली किंवा ३७.५ च्या वर. हलवल्याशिवाय हात-पाय न हलवणं, किंवा हलवूनही न हलवणं. ओठ-जीभ निळी. पोट फुगलेलं, हिरवी उलटी, कुठूनही रक्त. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, किंवा तळहात-तळपाय पिवळे करणारी कावीळ. जन्मताना उशिरा रडलेलं, बॅग-मास्क (तोंडावर मास्क धरून पिशवीने श्वास देणं) लागलेलं बाळ. आणि ज्याचं वजन १८०० ग्रॅमपेक्षा कमी आहे किंवा जे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं आहे, ते वरून कितीही तरतरीत दिसलं तरी.

श्वास मोजताना ३० सेकंद मोजून दुप्पट करू नका. या वयात श्वास मध्येच पळतो, मध्येच क्षणभर थांबतो, त्यामुळे पूर्ण मिनिट मोजायचं. ६० किंवा जास्त आले तर बाळ शांत असताना पुन्हा एकदा मोजा. आशाताईंच्या थर्मामीटरवर बऱ्याचदा फॅरेनहाइट असतं, म्हणून हे आकडे पेटीच्या झाकणाला चिकटवून ठेवा: ३५.५ म्हणजे ९५.९, ३६.५ म्हणजे ९७.७, ३७.५ म्हणजे ९९.५.

कावीळ ट्यूबलाइटखाली बघू नका, खिडकीशी उजेडात बघा. बोटाने कातडी दाबून सोडली की खालचा पिवळा रंग दिसतो. ‘कोवळ्या उन्हात धरा, उतरेल’ हा सल्ला घराघरात मिळतो. तळपाय पिवळे झालेल्या बाळाला ऊन पुरत नाही, त्याला फोटोथेरपी, म्हणजे दवाखान्यातला प्रकाशाचा उपचार लागतो.

उन्हाळ्याचं एक वेगळं सांगते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, घर पत्र्याचं असतं, आणि तरीही बाळाला दोन गोधड्या, टोपी, मोजे घातलेले असतात. अशा बाळाचं तापमान ३८ आलं तर तो ताप की गोधडी, हे बघावं लागतं. दुसरी एकही खूण नसेल आणि बाळ जोरात ओढत असेल, तर कपडे कमी करा, गार जागी बसवून आईला पाजायला लावा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. उतरलं नाही तर पाठवा. दुसरी एखादी खूण असेल तर तो अर्धा तासही घालवू नका.

कुठे पाठवायचं

बाळंतपण होतं त्या प्रत्येक ठिकाणी न्यूबॉर्न केअर कॉर्नर असतो: ऊब देणारा वॉर्मर, चिकटा ओढणारं सक्शन, बॅग-मास्क. त्याच्या वर एनबीएसयू, म्हणजे बाळ स्थिर करण्याचा कक्ष, तो ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात. त्याच्या वर जिल्ह्याचा एसएनसीयू. खान्देशात धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगाव आणि नंदुरबारलाही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. लोक अजून सगळ्यांना ‘सिव्हिल’च म्हणतात.

नव्या लोकांची नेहमीची चूक म्हणजे पायरी-पायरीने चढणं. १४०० ग्रॅमचं बाळ प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून उपजिल्ह्याला, तिथून सिव्हिलला. प्रत्येक दारात केसपेपर, प्रत्येक दारात वीस मिनिटं. १८०० ग्रॅमच्या खालचं, धाप लागलेलं किंवा झटके येणारं बाळ थेट एसएनसीयूला न्या. १८०० ते २५०० मधलं, दूध नीट न ओढणारं पण बाकी ठीक असलेलं बाळ एनबीएसयूत सांभाळता येतं. लांबच्या प्रवासात बाळ बिघडलंच, तर वाटेतल्या एनबीएसयूत थांबून सावरायचं आणि पुढे निघायचं.

काही बाळांना सर्जन लागतो. शौचाची जागाच नाही, आतडी बाहेर आलेली, पाठीवर उघडी गाठ, जन्मल्यापासून तोंडातून सारखा फेस आणि पाजलं की ठसका. अशा वेळी ‘लहान मुलांचे सर्जन आहेत का’ हे फोनवर आधी विचारा, नाहीतर बाळ जळगावहून धुळे, धुळ्याहून आणखी कुठे, असं फिरत राहतं. फेस येणाऱ्या बाळाला काहीही पाजू नका, डोकं थोडं उंच ठेवा. बाहेर आलेली आतडी सलाइनने ओल्या केलेल्या निर्जंतुक गॉजने झाका, त्यावर स्वच्छ प्लास्टिक गुंडाळा आणि बाळाला कुशीवर निजवा. पाठीवर गाठ असेल तर पालथं किंवा कुशीवर. आणि जन्मानंतरच्या पहिल्या तपासणीत शौचाची जागा बघायची सवय लावून घ्या. दोन दिवसांनी पोट फुगल्यावर ती कोणी बघितली नव्हती हे कळलेली बाळं मी घेतली आहेत.

दोन फोन

पहिला १०८ ला. या गाडीत डॉक्टर असतात, ऑक्सिजन असतो. १०२ ची गाडीही आई-बाळासाठी फुकट आहे, पण धाप लागलेल्या बाळाला १०८ च मागा. कॉल सेंटर पुण्यात आहे. फोन घेणाऱ्या मुलीने चांदसैलीचा घाट पाहिलेला नसतो आणि तिच्या यादीत तुमच्या पाड्याच्या नावाची तीन गावं असतात. म्हणून पाडा, मग ग्रामपंचायत, मग तालुका, मग जिल्हा, आणि शेवटी एक ठळक खूण: शाळा, पाण्याची टाकी, डांबरी रस्त्याचा फाटा. नवापूर, शहादा, शिरपूर, रावेरच्या सीमेवरच्या गावांत मोबाइल कधी कधी शेजारच्या राज्याचा टॉवर पकडतो, तिथे ‘महाराष्ट्र’ हा शब्दही बोला.

धडगाव-अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांवर गाडी दारात येणारच नाही. तिथे झोळी, बाइक ॲम्ब्युलन्स, नर्मदेच्या काठाला बोट. गाडी कुठपर्यंत येईल ते ठरवा आणि झोळी उचलणारे चौघे तेव्हाच सांगून ठेवा. गाडी फाट्यावर उभी आणि माणसं शोधणं सुरू, हे पावसाळ्यात मी अनेकदा पाहिलंय.

दुसरा फोन एसएनसीयूला, आणि तो बाळ निघायच्या आधी. दोन मिनिटं पुरतात: बाळ किती तासांचं, वजन, तापमान, श्वास, साखर, काय त्रास, काय दिलं, सोबत कोण, कितीला निघतंय. तेवढ्यावर आम्ही वॉर्मर तापवून ठेवतो. खाट नसेल तर तेही तेव्हाच कळतं, आणि कुठे न्यायचं ते तुमच्या एमओंनी (वैद्यकीय अधिकाऱ्यांनी) आमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं.

गाडी येईपर्यंत

हीच सगळ्यात कामाची वेळ, आणि हीच वेळ अनेकदा कागदपत्रं शोधण्यात जाते.

ऊब. बाळाला अंघोळ घालू नका, ‘दवाखान्यात न्यायचंय तर स्वच्छ करून नेऊ’ असं आजी म्हणाली तरी. लंगोट, टोपी, मोजे ठेवून बाकी उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर, उभं, मान एका बाजूला वळवून आणि किंचित वर, वरून पातळ शाल. हीच कांगारू पद्धत. आईला टाके आहेत, रक्त जातंय, उठवत नाही, तर बापाच्या छातीवर. बाप लाजतात. शर्टाची बटणं उघडायला सांगितलं की इकडे तिकडे बघतात, मग बाळ छातीला लागलं की तासन् तास हलत नाहीत. झोळीतून आई जात असेल तर बाळ झोळीत तिच्याच छातीवर जाईल, दुसऱ्या कुणाच्या हातात वेगळं नाही. गरम पाण्याच्या बाटल्या, शेगडी, शेकलेलं फडकं यातलं काही नको, नवजात कातडी पटकन भाजते.

माझी एक चूक सांगते. डिसेंबरची पहाट, १६०० ग्रॅमचं बाळ. टोपी, मोजे, दोन गोधड्या, सगळं केलं आणि निश्चिंत झाले. तासाभराने ते पोचलं तेव्हा तापमान ३४.६. पलीकडच्या सिस्टरने फोनवर एवढंच विचारलं, “ताई, लंगोट बघितला होता का?” लंगोट ओला होता. दोन गोधड्यांनी आतली थंडी तशीच धरून ठेवली होती. तेव्हापासून गाडीचं दार लावायच्या आधी माझा हात लंगोटात जातो.

श्वास. मान फार मागे नाही, फार पुढे नाही. लागलं तर खांद्याखाली बोटभर जाडीची घडी. चिकटा असेल तर आधी तोंडातला, मग नाकातला. धाप असेल तर नेझल प्राँगने (नाकात बसणाऱ्या बारीक नळीने) मिनिटाला अर्धा ते एक लिटर ऑक्सिजन आणि पायाला पल्स ऑक्सिमीटर. कमी दिवसांच्या बाळाला ९१ ते ९५ टक्के पुरे, १०० गाठायचा अट्टाहास नको, जास्तीचा ऑक्सिजन त्याच्या डोळ्यांना मारक ठरतो. श्वास थांबला तर तळव्याला टिचकी, पाठ चोळणं, आणि तेवढ्याने आला नाही तर लगेच बॅग-मास्क.

साखर. टाचेच्या कडेला टोचून बघा. ४५ च्या खाली असेल आणि एमओ असतील तर १० टक्के डेक्स्ट्रोज, किलोला २ मिलि, शिरेतून. बाळ ओढत असेल तर अंगावर पाजा. ओढत नाही पण गिळतं, तर आईचं काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. झटके, जोराची धाप, फुगलेलं पोट यात तोंडाने काही देऊ नका. मध नको, घुटी नको, साखरपाणी नको, बाटली तर नकोच.

औषधं. व्हिटॅमिन के दिलं नसेल तर १ मिलिग्रॅम मांडीत, बाळ १००० ग्रॅमच्या खालचं असेल तर अर्धं. जंतुसंसर्गाची खूण दिसत असेल तर निघण्याआधी अँटिबायोटिकचा पहिला डोस, एमओंशी बोलून, वजनाच्या तक्त्यावरून. तक्ता भिंतीवर असतो. पाठ आहे म्हणून मनाने देऊ नका, मीही देत नाही.

चिठ्ठी

‘बाळ आजारी, पुढील उपचारासाठी’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी आमच्याकडे अजून येते. आम्हाला हवं ते असं: जन्माची तारीख आणि वेळ, कुठे जन्मलं, किती आठवडे, जन्मवजन आणि आजचं वजन, रडलं कधी, पाणी कधी गेलं, आईला ताप होता का, आईचा रक्तगट. नंदुरबार भागात आईचा सिकलसेलचा रिपोर्ट असेल तर तोही. बाळाला शी-शू झाली का. दिलेलं प्रत्येक औषध, मात्रा आणि वेळ. बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी यातलं काय दिलं. निघतानाचं तापमान. जुळी असतील तर पहिलं-दुसरं मनगटावर पट्टी लावून.

शिवाय दोन मोबाइल नंबर. बापाचा एकटाच नंबर लिहिला तर तो हमखास रेंजच्या बाहेर असतो.

घरच्यांशी

“पाचवी पुजू, मग नेऊ.” “बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही.” “तिकडे गेलेलं शेजारचं पोर परत आलं नाही.” या तिन्हींना वेगवेगळं उत्तर लागतं, आणि तिसऱ्याला सगळ्यात जास्त वेळ. त्या घरात ते खरंच घडलेलं असतं. तिथे आकडे सांगू नका. बाळाचा पाय आजीच्या हातात द्या, “माय, तुम्हीच बघा, थंड लागतोय का” म्हणा. निर्णय बहुतेक वेळा तीच घेते. अहिराणी, पावरी, मावची, जी भाषा घरात असेल ती दोन वाक्यं तरी शिकून घ्या. “आंडोर शे का आंडेर?” एवढं विचारलं तरी चेहरे सैलावतात. भगताला बोलावलेलं असेल तर त्याच्याशी भांडू नका, त्यालाच गाडीपर्यंत सोबत चला म्हणा. पोटावर चटके दिलेले असतील तर चिठ्ठीत लिहा आणि तिथे रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ते लपवतील.

पैशाची भीती वेगळी. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त, जायची गाडी, एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेणारी गाडी आणि घरी सोडणारी गाडी सरकारी रुग्णालयात फुकट आहे. ही योजना २०११ पासून आहे, पुढे ती वर्षभरापर्यंतच्या आजारी बाळांना लागू झाली. कुणी पैसे मागितले तर देऊ नका, हे स्पष्ट सांगा.

एवढं करूनही नाहीच म्हणाले, तर एमओंना लगेच कळवा. नेणं शक्यच नसेल तेव्हा घराजवळ इंजेक्शन देऊन रोज बघण्याची सोय मार्गदर्शक सूचनांत आहे, पण ते एमओंच्या देखरेखीखालीच. आणि संध्याकाळी पुन्हा त्या घरी जा. सकाळी नाही म्हणालेली घरं संध्याकाळी तयार होतात.

रस्त्यात

सोबत जाणाऱ्याचं काम एकच, बाळाकडे बघत राहणं. दर पंधरा मिनिटांनी रंग, श्वास, पावलं. पोट गरम आणि पावलं थंड म्हणजे बाळ गारठतंय. एसी बंद, खिडक्या बंद, आणि मेच्या दुपारी मात्र थोडा वारा हवा. बाळ सावरायचं असेल तर गाडी थांबवायला सांगा, खड्ड्यांत बॅग-मास्क नीट बसत नाही. निघतानाच सिलिंडरचा काटा बघा. आईचं रक्त जास्त जातंय का, तेही बघा, ती कालच बाळंत झालेली असते.

दारात पोचल्यावर

केसपेपरच्या रांगेत बाळाला घेऊन उभं राहू नका. बाळ थेट एसएनसीयूच्या दारात, रांगेत नातेवाईक. चिठ्ठी हातात द्या आणि तोंडानेही सांगा, रात्री तीनला अक्षर वाचायला वेळ लागतो.

आईला सांगून ठेवा की बाळ नळ्यांमध्ये दिसेल आणि डोळ्यांवर पट्टी असेल, ती फोटोथेरपीच्या प्रकाशासाठी. डोळे गेले असं समजून रडणाऱ्या आया मी पाहिल्यात. दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं, रात्रीसुद्धा, अगदी थेंबभर आलं तरी. आणि आत जाऊन बाळाला हात लावायचा तिला हक्क आहे. हात धुऊन या, एवढंच आम्ही म्हणतो.

घरी आल्यावर

डिस्चार्ज कार्डाचा फोटो आशाताईच्या मोबाइलमध्ये हवा. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवसाच्या घरभेटी चालू राहतात. त्यात दरवेळी वजन, श्वास, दूध.

एक गोष्ट फार निसटते, डोळ्यांची. २००० ग्रॅमच्या खाली किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर चौथ्या आठवड्यात व्हायलाच हवी. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या खालचं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. डोळे बाहेरून सुंदर, टपोरे दिसतात, म्हणून कुणी नेत नाही. हातचे आठवडे गेले की नजर परत आणता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका बाळाची तारीख आली आणि घराला कुलूप. सगळं कुटुंब बारडोलीकडे ऊस तोडायला गेलेलं. आशाताईने मुकादमाचा नंबर शोधायला तीन दिवस घालवले, मग बाप बाळाला घेऊन आला. डिस्चार्जच्या दिवशीच विचारून ठेवा: दिवाळीनंतर कुठे जाणार, मुकादम कोण, त्याचा नंबर काय. तो कार्डावर बापाच्या नंबरच्या खाली लिहा.